दूरच्या संगणकाशी कळफलकाचा संवाद

भारतातील सरकारी तारसेवा २०१३ साली बंद झाली. ती चालू होती त्या काळात विवाह, दिवाळी अशा प्रसंगी शुभेच्छांच्या तारा पाठविण्याची एक सुटसुटीत सोय होती. शुभेच्छांची ठरावीक वाक्ये छापून ठेवलेली असत आणि प्रत्येक वाक्यास एक क्रमांक दिलेला असे. तार करणाऱ्याने केवळ क्रमांक सांगावयाचा. तारेतून तो क्रमांकच जाई, आणि पलीकडच्या कचेरीत त्या क्रमांकापुढील संपूर्ण वाक्य लिहून ते घरपोच केले जाई. ही योजना एकाच अटीवर चाले : दोन्ही कचेऱ्यांतील यादी एक असली पाहिजे. याद्या भिन्न असत्या, तर क्रमांक बिनचूक पोचूनही लग्नघरी भलताच संदेश गेला असता.

आपला कळफलक आणि दूर अंतरावरील संगणक यांचा व्यवहार नेमका असाच आहे. आपण कळ दाबतो, तेव्हा पलीकडे अक्षर जात नाही, क्रमांक जातो. तो क्रमांक पाहून पलीकडील संगणक आपल्या यादीप्रमाणे कृती करतो. याद्या जुळत असतात तोवर ही सारी यंत्रणा आपल्या ध्यानातही येत नाही. त्या जुळेनाशा झाल्या म्हणजे चमत्कारिक प्रकार घडू लागतात. चूक पुसण्यासाठी बॅकस्पेसची कळ दाबावी, तर अक्षर न पुसता टोपीसारखे एक चिन्ह व ‘एच’ हे अक्षर उमटते. वर जाण्यासाठी बाणाची कळ दाबावी, तर कर्सर जागचा हलत नाही आणि दोन चौकोनी कंस व ‘ए’ अशी अक्षरे दिसू लागतात. कळफलक बिघडला, असे मनात येते. वस्तुतः कळफलक निर्दोष असतो. बिघडलेला असतो तो करार.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. आज महत्त्वाचे अनेक संगणक असे आहेत की, ज्यांच्यासमोर कोणीही बसत नाही. पुण्याच्या आयसर या संस्थेत २०१९ साली उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक घ्या. त्यावर काम करणारा संशोधक आपल्या खोलीत बसून, टर्मिनल नावाच्या अक्षरांच्या चौकटीतून त्याला आज्ञा देतो. त्या चौकटीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. जे काही सांगावयाचे ते कळांनीच सांगावयाचे. अशा वेळी कळेचा अर्थ बदलला, तर चुकीची आज्ञा दिली जाऊ शकते, महत्त्वाच्या फाइलीत भलतीच अक्षरे शिरू शकतात आणि पासवर्ड पुन्हापुन्हा नाकारला जाऊ शकतो. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे.

कळ दाबली म्हणजे काय होते?

आपल्या बोटापासून दूरच्या प्रोग्रॅमपर्यंतच्या मार्गावर चार ठाणी आहेत. पहिले ठाणे आपल्या समोरचा टर्मिनल-प्रोग्रॅम. कोणती कळ दाबली गेली हे त्याला कळते, आणि त्या कळेऐवजी कोणता क्रमांक वा कोणती क्रमांकमाला पाठवावयाची हे तो ठरवितो. दुसरे ठाणे म्हणजे वहनाचा मार्ग. पूर्वी हे काम टेलनेट करीत असे. परंतु त्यातून पासवर्डदेखील उघडा जाई. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाचे टाटू इलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत निर्माण केली. तिच्यात सर्व मजकूर गूढलिपीत जातो. तिसरे ठाणे दूरच्या संगणकाच्या कार्यप्रणालीतील टर्मिनल-विभाग. ओळ पूर्ण होईपर्यंत अक्षरे साठवून ठेवणे आणि पुसण्याची कळ आली तर शेवटचे अक्षर काढून टाकणे ही त्याची कामे. चौथे ठाणे म्हणजे ज्याला आपण आज्ञा देतो तो प्रोग्रॅम.

या प्रवासात एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कळेवर छापलेले नाव पहिल्या ठाण्याच्या पुढे जात नाही. पुढे जातात ते केवळ आकडे.

हे आकडे बव्हंशी आस्की या प्रमाण संकेतानुसार असतात. हा अमेरिकन संकेत १९६३ साली प्रसिद्ध झाला व १९६७ साली त्याला आजचे रूप आले. त्यात १२८ क्रमांक आहेत. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, ‘एच’चा ७२. ० ते ३१ हे क्रमांक अक्षरांसाठी नसून यंत्राला सूचना देण्यासाठी आहेत. कंट्रोलची कळ धरून एखादे अक्षर दाबले म्हणजे त्या अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. म्हणून कंट्रोल व ‘एच’ मिळून ७२ उणे ६४, म्हणजे ८ हा क्रमांक होतो. टोपीचे चिन्ह व ‘एच’ अशी जी अक्षरे पडद्यावर दिसतात, ती या ८ क्रमांकाचीच लेखी खूण होय.

पुसण्याची क्रिया एक, क्रमांक दोन

आता बॅकस्पेसच्या भांडणाचे मूळ पाहू. त्यासाठी कागदी फितीच्या काळात जावे लागते. दूरमुद्रकावर मजकूर पाठविण्यापूर्वी तो बहुधा कागदी फितीवर भोके पाडून नोंदवीत. आस्कीच्या प्रत्येक क्रमांकासाठी सात जागा असत. कोठे भोक पाडावयाचे आणि कोठे नाही, यावरून क्रमांक ठरे. एकदा पाडलेले भोक बुजविता येत नाही. मग चूक दुरुस्त कशी करावयाची? त्यावर युक्ती अशी होती की, चुकलेल्या जागी सातही भोके पाडून टाकावयाची. सात भोकांचा क्रमांक १२७. हा क्रमांक दिसला म्हणजे तेथे काही नाही असे समजून पुढे जावयाचे, असा संकेत ठरला. आस्कीतील ‘डिलीट’ तो हाच.

याउलट, ८ क्रमांकाच्या ‘बॅकस्पेस’चा मूळ अर्थ पुसणे हा नव्हताच. टंकलेखनयंत्राप्रमाणे एक घर मागे जाणे, एवढाच त्याचा अर्थ. मागे जाऊन त्याच अक्षरावर दुसरे चिन्ह उमटवावे, अक्षराखाली रेघ ओढावी, यासाठी तो होता. कागदावर उमटलेली शाई यंत्राला पुसता येत नव्हती, हे येथे स्मरणात ठेवावे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा आरंभ केला. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मागील अक्षर रद्द करण्यासाठी आडव्याउभ्या रेघांचे जाळीसारखे चिन्ह टंकावे लागे. अक्षर कागदावर तसेच राही. संगणक मात्र ते रद्द झाले असे समजे.

पुढे कागदाची जागा पडद्याने घेतली आणि पुसणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. पण त्यासाठी कोणता क्रमांक पाठवावा यावर एकमत झाले नाही. काही टर्मिनले ८ पाठवीत, काही १२७. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे १९८३ सालचे व्हीटी२२० हे टर्मिनल १२७ पाठवी. आज लिनक्सच्या जगात १२७ हीच रूढी प्रबळ आहे. डेबियन या लिनक्स-वितरणाने आपल्या नियमांतच तसे नमूद केले आहे. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. ईमॅक्स या लेखन-प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-‘एच’ ही साहाय्य मागण्याची खूण आहे. बॅकस्पेसनेही ८ हाच क्रमांक पाठविला, तर अक्षर पुसू जाता साहाय्याचे पान उघडते.

या मतभेदाचा सर्वांत फसवा परिणाम पासवर्डच्या वेळी होतो. पुष्कळ लिनक्स संगणकांवर आज्ञा घेणारा ‘बॅश’ हा प्रोग्रॅम ८ व १२७ हे दोन्ही क्रमांक पुसण्यासाठी स्वीकारतो. त्यामुळे तेथे सारे सुरळीत भासते. परंतु दूरचा संगणक पासवर्ड विचारतो तेव्हा ओळ सांभाळण्याचे काम बहुधा कार्यप्रणालीचा टर्मिनल-विभाग करतो, आणि त्याला एकच क्रमांक माहीत असतो. त्याची अपेक्षा १२७ ची असून आपण ८ पाठविला, तर काही पुसले जात नाही. उलट ८ हा क्रमांक पासवर्डचाच भाग होऊन बसतो. पासवर्ड पडद्यावर दिसत नसल्यामुळे हे कळण्यास मार्ग नाही. नकार येतो, मनुष्य पुन्हा प्रयत्न करतो, आणि काही प्रयत्नांनंतर त्याचे खातेच बंद होण्याचा संभव असतो. अशा वेळी कंट्रोल-‘यू’ दाबून संपूर्ण ओळ रद्द करावी व पासवर्ड प्रारंभापासून टंकावा, हा सोपा उपाय होय.

एका कळेसाठी अनेक क्रमांक

बाणाच्या कळा, होम, एंड, इन्सर्ट या कळांसाठी आस्कीत क्रमांकच नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी क्रमांकांची माळ पाठवावी लागते. माळेचा पहिला मणी २७, म्हणजे ‘एस्केप’. पुढील अक्षरे नेहमीच्या अर्थाने घेऊ नका, असा इशारा तो देतो. १९७८ साली बाजारात आलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलने ही रीत सर्वत्र रुजविली. त्याचा वरचा बाण एस्केप, चौकोनी कंस व ‘ए’ अशी माळ पाठवी; खालचा बाण ‘बी’, उजवा ‘सी’ व डावा ‘डी’ या अक्षराने संपे. एस्केपची लेखी खूण टोपी व चौकोनी कंस अशी असल्याने, पडद्यावर दोन कंस व ‘ए’ दिसतात त्याचा उलगडा येथे होतो.

परंतु त्याच टर्मिनलला दुसरी एक अवस्थाही होती. प्रोग्रॅमने तशी सूचना दिली की, बाणाच्या कळा कंसाऐवजी ‘ओ’ हे अक्षर पाठवू लागत. ही दुहेरी रीत आजही चालू आहे. एखादा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला आणि टर्मिनल या दुसऱ्या अवस्थेत अडकून राहिले, तर बाण निरुपयोगी होतात. तेव्हा ‘रीसेट’ ही आज्ञा देऊन टर्मिनल पूर्वस्थितीवर आणावे.

होम व एंड या कळांची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. व्हीटी२२० च्या संपादनाच्या सहा कळांत त्या नव्हत्याच. तेथे ‘शोधा’ व ‘निवडा’ अशा अर्थाच्या कळा होत्या आणि त्यांच्या माळांत १ व ४ हे आकडे होते. पुढे लिनक्सच्या मुख्य पडद्याने होम व एंडसाठी याच माळा घेतल्या. एक्सटर्म या प्रोग्रॅमने ‘एच’ व ‘एफ’ या अक्षरांनी संपणाऱ्या माळा घेतल्या. आरएक्सव्हीटी या प्रोग्रॅमने ७ व ८ हे आकडे वापरले. कळ एकच, माळा तीन. घरातील संगणकावर होमची कळ चालते आणि दूरच्या संगणकावर चालत नाही, याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

माळेमुळे आणखी एक धोका उद्भवतो. एस्केप ही स्वतंत्र कळदेखील आहे. २७ हा क्रमांक आला, तर ती एकटी कळ की माळेचा आरंभ, हे प्रोग्रॅमने कसे ओळखावे? तो क्षणभर थांबतो. पाठोपाठ काही आले तर माळ, नाही तर एकटी कळ. एनकर्सेस या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमसंग्रहात हा थांबा मुळात १००० मिलिसेकंदांचा ठेवलेला आहे. मार्ग मंद असेल, तर माळ वाटेत तुटते. व्हीआय या लेखन-प्रोग्रॅममध्ये याचा परिणाम पाहा. मजकूर लिहिताना वरचा बाण दाबला. एस्केप आधी पोचला आणि लेखनाची अवस्था संपली. मागून ‘ओ’ आला. वर नवी ओळ उघडावी, अशी ती आज्ञा ठरली. शेवटी ‘ए’ आला आणि त्या ओळीत उमटला. लिहिणाऱ्याने केवळ एक ओळ वर जाऊ पाहिले. फाइलीत मात्र एक परका ‘ए’ शिरला. ती फाइल एखाद्या सेवेच्या मांडणीची असेल, तर तेवढ्यानेही ती सेवा बंद पडू शकते. म्हणून मंद मार्गावर थांबा थोडा वाढवावा, आणि फाइल जतन करण्यापूर्वी ती एकदा नजरेखालून घालावी.

नाव जाते, वर्णन जात नाही

टर्मिनलांचे इतके प्रकार झाल्यावर प्रत्येक प्रोग्रॅमने ते सर्व पाठ करणे अशक्य होते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील बर्कले येथे बिल जॉय यांनी टर्मकॅप नावाचा वर्णनसंग्रह सिद्ध केला. त्यानंतर टर्मइन्फो आला. कोणते टर्मिनल कोणत्या कळेसाठी काय पाठविते आणि पडदा पुसण्यासाठी त्याला काय सांगावे लागते, याची ही नोंदवही होय. प्रोग्रॅमला फक्त टर्मिनलचे नाव कळले की पुरे. ते नाव ‘टर्म’ या परिसर-चलात ठेवलेले असते.

एसएसएचने जोडणी करताना हे नाव पलीकडे पाठविले जाते. त्याच्याबरोबर पुसण्याच्या कळेचा क्रमांक यांसारख्या काही निवडीही जातात. मात्र टर्मिनलचे वर्णन जात नाही. ते दूरच्या संगणकाने आपल्या नोंदवहीत शोधावयाचे असते. आपले टर्मिनल नवे आणि दूरची नोंदवही जुनी असली, तर नाव अनोळखी ठरते व पूर्ण पडद्याचे प्रोग्रॅम चालण्यास नकार देतात. यावर दोन उपाय आहेत. योग्य उपाय असा की, आपल्या संगणकावरील वर्णन ‘इन्फोकॉम्प’ या आज्ञेने काढून घ्यावे आणि दूरच्या संगणकावर ‘टिक’ या आज्ञेने नोंदवावे. तात्पुरता उपाय असा की, एखादे जुने, सर्वपरिचित नाव सांगावे. आजची बहुतेक टर्मिनले व्हीटी१०० च्या वंशातील असल्यामुळे हे असत्य बव्हंशी खपून जाते. पण काही कळा मुक्या राहतात, हे विसरू नये.

दुरुस्तीची रीत

वरील विवेचनावरून दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम पाहावे, मग तुलना करावी, आणि नंतरच बदल करावा.

पहिली पायरी : कळ खरोखर काय पाठविते ते पाहावे. आज्ञेच्या ओळीवर कंट्रोल-‘व्ही’ दाबून मग ती शंकास्पद कळ दाबली असता, तिचा अर्थ न लावता तिची खूण जशीच्या तशी उमटते. टोपी व ‘एच’ दिसले तर ८. टोपी व प्रश्नचिन्ह दिसले तर १२७.

दुसरी पायरी : पलीकडील संगणकाची अपेक्षा पाहावी. इंग्रजी एस, टी, टी, वाय या चार अक्षरांची एक आज्ञा आहे. तिच्यापुढे जागा सोडून वजाचिन्ह व लहान ‘ए’ लिहिले म्हणजे टर्मिनल-विभागाची सर्व मांडणी समोर येते. तीत ‘इरेज’ या शब्दापुढे पुसण्याचा अपेक्षित क्रमांक दिलेला असतो.

तिसरी पायरी : दोहोंत अंतर असेल, तर एकाच ठिकाणी बदल करावा. तो कोठे करावयाचा, हे दोष कोठे आहे त्यावर ठरते. सर्वच दूरच्या संगणकांवर त्रास होत असेल, तर दोष आपल्या टर्मिनल-प्रोग्रॅममध्ये आहे. पुटी या प्रोग्रॅमच्या मांडणीत कळफलकाचे स्वतंत्र पान असून बॅकस्पेसने कोणता क्रमांक पाठवावा हे तेथे निवडता येते. एकाच संगणकावर त्रास होत असेल, तर त्या संगणकावरील ‘इरेज’चा क्रमांक त्याच चार अक्षरी आज्ञेने बदलावा. एखाद्याच प्रोग्रॅममध्ये त्रास होत असेल, तर त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कळ-यादीत सुधारणा करावी. बॅशसाठी अशी यादी ‘इनपुटआरसी’ या फाइलीत असते.

दोन ठिकाणी एकदम बदल करणे मात्र कटाक्षाने टाळावे. दोन्ही पक्षांनी एकमेकांसाठी माघार घेतली, तर भांडण तसेच राहते. फक्त बाजू बदलतात. तसेच ही आज्ञा दूरच्या संगणकाच्या प्रारंभ-फाइलीत विचार न करता कायमची लिहू नये. फाइलींची ने-आण करणारे प्रोग्रॅमही ती प्रारंभ-फाइल चालवितात, आणि त्या वेळी पलीकडे टर्मिनल नसते. आज्ञा तक्रार करते आणि ने-आण बिघडण्याचा संभव निर्माण होतो. लिहावयाचीच असेल, तर टर्मिनल असल्याची खात्री करणारी अट तिच्यापूर्वी घालावी.

गोठलेला पडदा आणि देवनागरी अक्षर

दोन विशेष प्रसंगांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. फाइल जतन करण्याच्या सवयीने कोणी कंट्रोल-‘एस’ दाबतो आणि टर्मिनल एकाएकी गोठते. संगणक बंद पडला असे समजून तो जोडणी तोडतो आणि अर्धवट काम गमावतो. वास्तविक कंट्रोल-‘एस’, म्हणजे १९ हा क्रमांक, ‘पाठविणे थांबवा’ अशी दूरमुद्रकाच्या काळातील सूचना आहे. कंट्रोल-‘क्यू’, म्हणजे १७, दाबताच सर्व काही पूर्ववत होते.

दुसरा प्रसंग आपल्या लिपीचा आहे. १९९२ साली केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही संकेतपद्धती रचली. तिच्यात इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हास तीन. ‘मी’ या शब्दात ‘म’ व दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे असल्यामुळे सहा बाइट होतात. एक अक्षर म्हणजे एक बाइट, असे मानणारा टर्मिनल-विभाग पुसताना एकच बाइट काढतो, आणि तीन बाइटांच्या चिन्हाचे दोन तुकडे मागे उरतात. पडदा स्वच्छ दिसतो, पण आज्ञेत कचरा राहतो. लिनक्सने २००४ साली यासाठी ‘आययूटीएफ-८’ नावाची खूण आपल्या टर्मिनल-विभागात घातली. ती खूण लावली म्हणजे संपूर्ण चिन्ह एकदम पुसले जाते. एसएसएचद्वारे ही खूण पलीकडे कळविण्याची प्रमाण रीत मात्र २०१७ साली आरएफसी ८१६० या लेखाने ठरली. जुन्या संगणकाशी काम करताना देवनागरी अक्षर नीट पुसले जात नसेल, तर ही खूण तपासावी. ती असूनही ‘क्ष’ पुसण्यास तीनदा कळ दाबावी लागते, त्यात दोष नाही. कारण ‘क’, हलन्तचिन्ह व ‘ष’ अशी ती तीन चिन्हे आहेत.

आपल्यासमोरच्या कळफलकात अशा रीतीने साठ वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. कागदी फितीची सात भोके, टंकलेखनयंत्राचे एक घर मागे सरकणे, व्हीटी१०० च्या माळा हे सर्व आजच्या संगणकात जिवंत आहेत. कारण नवे यंत्र जुन्या यंत्राशी बोलता यावे, हीच प्रत्येक पिढीची गरज होती. कळेला स्वतःचा अर्थ नसतो. तो दोन्ही टोकांच्या संमतीने ठरतो. ती संमती कोठे ढळली हे शोधण्याची रीत ज्याला अवगत आहे, त्याला कळफलक बदलण्याची किंवा संगणक बंद करण्याची गरज पडत नाही. एक कळ दाबून पाहावी, तिचा क्रमांक वाचावा आणि पलीकडच्या यादीशी तो ताडून पाहावा, एवढे पुरते.